खारवट रानातलं बी

आमच्या खालच्या रानावर उन्हाळ्यात मीठ दिसायचं. लांबून बघितलं तर कुणीतरी धुणं वाळत घातलंय असं वाटे. जवळ गेलं की काळ्या ढेकळांवर पांढरा थर असायचा, पाय ठेवला की पापडासारखा मोडणारा. आमचं गाव जळकोटच्या हमरस्त्यापासून आत, ओढ्याच्या काठाला. वरच्या अंगाला साठवण तलाव झाला, त्याच्या पाझरानं आणि वरच्या उसाला सोडलेल्या पाण्यानं खालची रानं बारमाही ओली राहायला लागली. ओल वर येते, उन्हानं पाणी उडून जातं आणि मीठ मागं राहतं. हे मला पुढं शिकल्यावर कळलं. लहानपणी एवढंच माहीत होतं की खालची रानं मेली. लोकांनी ती सोडून दिली, तिथं वेड्या बाभळी माजल्या. फक्त आमच्या रानात दरसाल ज्वारी पेरली जायची, आणि ती पेरायची माझी थोरली आई.

थोरली आई म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. आम्ही एकाच घरात राहायचो, एकाच चुलीवर जेवायचो. थोरले काका मी शाळेत जायच्या आधीच वारले होते. त्यांचा चेहरा मला आठवत नाही. थोरली आई उंच, हाडापेरानं मोठी. बोलायची कमी. घरातलं सगळं काम करायची, पण कामात तिचं लक्ष आहे असं कधी वाटायचं नाही. कुणी हाक मारली तर तिला यायला वेळ लागायचा, जणू ती लांब कुठंतरी असायची आणि तिथून चालत येऊन मग "काय?" म्हणायची.

ती मला 'बारके' म्हणायची. घरात, शाळेत, गावात सगळे मला नावानं हाक मारत. ती एकटीच नाव घेत नसे. मला त्यात काही वेगळं वाटत नसे. तिची बोलायची तऱ्हाच तशी, असं मी धरून चालले होते.

मग एका येळवशीला ते घडलं.

आमच्याकडं येळवस म्हणजे वेळ अमावास्या, वर्षातला मोठा सण. गाव सगळं रानात जातं. कडब्याची कोप करायची, पूजा मांडायची, भज्जी, उंडे, आंबील, जे काही केलंय ते आधी रानाला दाखवायचं आणि मग पंगत बसवायची. आमची कोप वरच्या रानात असायची, हरभऱ्याच्या कडेला. त्या वर्षी जेवणं झाल्यावर मोठी माणसं सावलीला आडवी झाली. मी आंबिलीचं रिकामं गाडगं धुवायला ओढ्याकडं निघाले. वाट खालच्या रानाच्या बांधावरून जायची. ऊन उतरणीला लागलं होतं. ज्वारी माझ्या छातीइतकी होती, विरळ, ताटांमधून पांढरी जमीन दिसत होती.

आतून कुणीतरी माझं नाव घेतलं.

आवाज थोरल्या आईचा होता, पण मी कधी न ऐकलेला. मऊ आवाज. जेवायला ये, असं ती म्हणत होती. मी "ओ" दिली आणि ज्वारीत शिरले. ती उकिडवी बसली होती. समोर पळसाच्या पानावर उंडा, भज्जी, थोडा भात मांडला होता. तिनं मान वर करून माझ्याकडं बघितलं. तिच्या नजरेत राग नव्हता. ओळख नव्हती, एवढंच.

"तुला न्हाय," ती म्हणाली.

मी गाडगं तिथंच टाकून पळाले. कोपीपाशी येऊन आईच्या कुशीत तोंड खुपसलं. आईनं विचारलं, कुत्रं लागलं का. मी नाही म्हणून मान हलवली. रात्रीपर्यंत मी त्याबद्दल बोलले नाही, आणि नंतर बोलायचं राहूनच गेलं. पण त्यानंतर बरीच वर्षं कुणी मला नावानं हाक मारली की क्षणभर वाटायचं, मला आहे का ही?

आईनं मला खरं सांगितलं तेव्हा मी दहावी झाले होते. धाराशिवला कॉलेजात घालायचं ठरलं होतं आणि आई माझे कपडे घडी घालत होती. मी विचारलं की थोरली आई मला नावानं का बोलवत नाही. आईचे हात थांबले. मग तिनं हळूहळू सांगितलं. माझ्या आधी घरात एक मुलगी होती. थोरल्या आईची. बसायला लागली होती, दात यायचे होते. ताप आला आणि गेली. एवढ्या लहान लेकराला जाळत नाहीत, म्हणून घरातल्या पुरुषांनी तिला खालच्या रानात, लिंबाच्या झाडाजवळ ठेवलं. तेव्हा ते रान चांगलं काळं होतं. पुढच्या साली मी झाले. बारशाला घरातल्या थोरांनी तेच नाव ठेवलं. गेलेली परत आली, असं म्हणाले. थोरल्या आईला कुणी विचारलं नाही. आईलाही नाही.

"मला तवा न्हाय म्हनाय पायजे होतं," आई म्हणाली. "मी ओली बाळंतीन. कोन ऐकणार होतं माझं." बारशाच्या दिवशी पाळण्यात नाव घेताना थोरली आई उठून बाहेर गेली, ती दिवस मावळल्यावर आली. पदराला चिखल होता.

नंतर लिंब वाळला, रान पांढरं पडलं. घरात सगळ्यांनी ठरवलं की आता त्यात राबण्यात अर्थ नाही. थोरली आई म्हणाली, मी पेरते. वडिलांनी काही विचारलं नाही. दरसाल ते तिला रान नांगरून द्यायचे, तिफण धरायचे आणि मागं बी सोडायला चाड्यावर मूठ तिची असायची. पहिल्या वर्षी बहुतेक सगळं मेलं. जी दहा-वीस ताटं कणसाला आली, त्यांचं बी तिनं धरलं. पुढच्या वर्षी तेच पेरलं. पुन्हा बरंच मेलं, पुन्हा वाचलेल्यातलं बी धरलं. असं वर्षानुवर्षं. गावातल्या बाया म्हणायच्या, त्या रानानं तिला धरलंय. दिवस कलल्यावर त्या बांधानं कुणी जात नसे.

मी शेतीचं शिक्षण घेतलं, मग वनस्पतींच्या आनुवंशिकतेत पुढं शिकायला बाहेर गेले. हा विषय मी ठरवून घेतला असं म्हणता येणार नाही. माझ्या मार्गदर्शक बाई खारवट जमिनीत तगणाऱ्या पिकांवर काम करत होत्या आणि त्यांना विद्यार्थिनी हवी होती. पण पहिल्या दिवशी त्यांनी फळ्यावर मुळाचं चित्र काढलं तेव्हा मला आमचं खालचं रानच दिसलं.

बाई म्हणाल्या, पालाश, म्हणजे पोटॅशियम, झाडाला लागतंच. त्याच्यावाचून पेशी ताठ राहत नाही, पानाचं काम चालत नाही. मुळाच्या पेशींना ते आत घ्यायची दारं असतात. मिठातला सोडियम हा पालाशाच्या चणीचा असतो. जमिनीत सोडियमची गर्दी झाली की तो त्याच दारांतून आत येतो, पालाशाची जागा घेतो, आणि पालाशाचं काम मात्र त्याला येत नाही. आपल्या काळ्या रानात पालाश तसं भरपूर असतं, पण मिठाच्या गर्दीत मुळाला ते मिळत नाही. झाड उपाशी आणि विषबाधा झालेलं, दोन्ही एकदम. अशा वेळी ते जुन्या पानांतलं पालाश काढून कोवळ्या पानांना देतं. म्हणून खालची पानं आधी कडेनं करपतात.

ती करपलेली कड मी लहानपणापासून बघत होते. आम्हाला वाटायचं ऊन लागलंय.

काही झाडं मात्र तगतात. बाई सांगायच्या, दार कोणतं उघडायचं आणि किती, हे जनुकांत ठरलेलं असतं, आणि सगळ्या वाणांत ते सारखं नसतं. एखादं झाड मुळातच सोडियमला अडवतं. एखादं वर चाललेला सोडियम वाटेत काढून घेतं आणि खोडाच्या बुडाशी कोंडून ठेवतं, कोवळ्या पानापर्यंत जाऊ देत नाही. एखादं पालाश कमी पडलं की एरवी मिटलेली बारीक दारं उघडतं आणि मातीतला कणकण ओढून घेतं. सोडियम अडवणं आणि पालाश ओढणं, दोन्ही जमणारं झाड क्वचित मिळतं. त्यांनी आम्हाला सांगितलं की तुमच्या भागात खारवट रानात कुणी घरचं बी राखलं असेल तर आणा.

मी सुट्टीला गावी गेले. थोरली आई अंगणात सुपात ज्वारी पाखडत होती. मी तिच्याजवळ बसले आणि म्हणाले की खालच्या रानातलं थोडं बी पाहिजे.

"तिकडंबी रान खारवट हाय का?" तिनं विचारलं.

मी म्हणाले, रान नाही, कुंड्यांत लावणार. मीठ आम्ही घालणार.

सूप थांबलं. "मुद्दाम?"

"मुद्दाम. तग धरतंय का बघायला."

"अन् मेलं तर?"

मी शिकलेलं भडाभडा सांगून टाकलं. मेलेलं मोजतो, जगलेलं कापतो, वाळवतो, जाळून राख करतो आणि त्या राखेत काय आहे ते तपासतो. बोलून झाल्यावर तिच्या तोंडाकडं बघितलं आणि माझ्या लक्षात आलं की मी कुणाशी काय बोलतेय. ती सूप ठेवून आत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एसटीची वाट बघत फाट्यावर उभी होते. थोरली आई चालत आली. पदराखालून तिनं फडक्यात बांधलेलं बी काढलं आणि माझ्या हातात दिलं.

"जाळाय लागलं तर जाळ," ती म्हणाली. "पर सगळं जाळू नको. थोडं वाढू दी."

मी म्हणाले, देईन. एवढंच बोलणं झालं. एसटी आली, मी खिडकीतून बघितलं तर ती पाठमोरी चालायला लागली होती.

ते बी मी वाळूच्या कुंड्यांत लावलं. शेजारी नेहमीचे दोन वाण लावले. काही कुंड्यांना खारं पाणी, काहींना पालाश नसल्यात जमा, काहींना दोन्ही. दुपारी शेडनेटमध्ये कुणी नसायचं. जाळीतून हिरवट उजेड पडायचा आणि पंख्याचा एकसारखा आवाज. मी पानं मोजत वाकलेली असायची आणि पाठीमागून कुणीतरी माझं नाव घेतल्यासारखं व्हायचं. मी वळायचे नाही. वळून बघायचं नाही, असं मी मनाशी धरलं होतं. कारण कुणी नसणार हे मला ठाऊक होतं, आणि कुणी नाही हे बघायचीच मला भीती वाटायची.

खाऱ्या पाण्यावर नेहमीचे वाण पिवळे पडत गेले. थोरल्या आईची ज्वारी खुजी राहिली, खालची पानं तिचीही करपली, पण शेंड्याचं पान हिरवं राहिलं. जिथं मीठही होतं आणि पालाशही नव्हतं त्या कुंड्यांत बाकीचं सगळं माना टाकून बसलं, तेव्हाही तिच्या ज्वारीचा शेंड्याचा कोवळा पोगा वर येतच होता. मला आनंद व्हायला हवा होता. मी त्या कुंडीसमोर उभी राहिले, पण तिला हात लावला नाही.

कबूल केल्याप्रमाणे काही कुंड्या मी वाढू दिल्या. बाकीच्या कापल्या. मुळं वेगळी, खोडाचं बूड वेगळं, जुनी पानं वेगळी, कोवळी वेगळी. वाळवून भट्टीत जाळली, राखेचं पाणी केलं आणि ते ज्योतीत फवारायच्या यंत्रावर घेऊन गेले. सोडियम असला की ज्योत पिवळीधमक होते. पालाशाची ज्योत फिकी जांभळी, डोळ्यांना दिसेल न दिसेल अशी, पण यंत्राला ती कळते. नेहमीच्या वाणाच्या कोवळ्या पानाचं पाणी सोडलं तेव्हा ज्योत पिवळी उसळली. थोरल्या आईच्या ज्वारीच्या मुळाचं आणि बुडाचं पाणीही तसंच पेटलं. मग तिच्या कोवळ्या पानाचं सोडलं. ज्योतीला पिवळी झाक आली न आली. मीठ सगळं खाली अडवलेलं होतं.

बाईंनी आकडे दोनदा तपासायला लावले. नंतर आम्ही त्या ज्वारीच्या जनुकांचे ते तुकडे वाचले. सोडियम वाटेत काढून घेणाऱ्या दाराचा एक दुर्मिळ प्रकार तिच्यात होता आणि पालाश ओढणारी दारं लवकर उघडत होती. बाई म्हणाल्या की हे त्या रानात नव्यानं जन्मलेलं नाही. जुन्या घरच्या बियाण्यात नाना तऱ्हेची झाडं मिसळलेली असतात, त्यात हेही असणार, चांगल्या रानात कुणाच्या नजरेला न येणारं. खारवट रानात बाकीची मरत गेली आणि हे राहिलं. पण ते राहावं म्हणून कुणीतरी दरसाल पेरायला हवं होतं. दुसऱ्या कुणीही पहिल्याच वर्षी सोडून दिलं असतं. त्यांनी विचारलं की तुझ्या चुलतीनं का सोडलं नाही. मी त्यांना लेकराची गोष्ट सांगितली. बाईंनी चष्मा पुसला आणि त्या म्हणाल्या की त्या रानाची माती लागेल, सगळ्या रानाची, ठरावीक अंतरावर, खोलपर्यंत.

मी तेव्हाच म्हणाले की मला जमेल की नाही माहीत नाही.

ज्वारी काढून झाल्यावर मी माती काढायचं गिरमिट घेऊन गावी गेले. लांब लोखंडी दांडा, खाली पोकळ नळी, वर आडवी मूठ. फिरवत दाबलं की माती नळीत भरून वर येते. सकाळीच थोरली आई माझ्याबरोबर खालच्या रानात आली. मी बोलावलं नव्हतं. रान मोकळं होतं, ज्वारीची धसकटं आणि त्यांच्यामधे पांढरा थर. मी बांधावर उभी राहिले. पाय पुढं टाकवेना.

शेवटी मी तिला विचारलं. त्या दिवसापर्यंत आमच्यात हा विषय कधी निघाला नव्हता. मी म्हणाले, थोरल्या आई, ती जागा तुमी मला दाखवा. मी तिथं खणणार न्हाय.

ती रानाकडं बघत होती. वाऱ्यानं तिचा पदर डोक्यावरून घसरला तो तिनं सावरला नाही.

"मला म्हाईत न्हाय, बारके."

मला वाटलं तिला सांगायचं नाही. पण ती पुढं बोलली. लेकराला नेलं तेव्हा तिला घरातच बसवलं होतं, बायांनी जायचं नसतं म्हणून. नंतर काकांनी एकदा लांबून दाखवलं होतं, लिंबाच्या पलीकडं, बांधाला लागून. दगड ठेवलाय म्हणाले होते. मग ऊस लावायचा म्हणून रान सपाट केलं. बांध सरकला, दगड गेला. पुढं लिंबही वाळून गेला. काका वारले. आता लिंब कुठं होता तेही तिला नीट सांगता येत नव्हतं.

"म्हनून सगळंच पिरते," ती म्हणाली. "तिफणीचं एक तास पडीक ठिवलं अन् ती तितंच असली तर?"

मी खाली बसले. तिनंच गिरमिट उचललं. त्याची मूठ चाचपून बघितली आणि म्हणाली, "घाल. मी हाय संगं."

आम्ही दोघींनी मिळून ते रान खणलं. मूठ एका बाजूनं तिनं धरायची, दुसऱ्या बाजूनं मी. वर आलेली माती मी पिशवीत भरायच्या आधी ती हातावर घ्यायची, बोटांनी कुस्करायची, बघायची, आणि मान हलवली की मी भरायचे. वरची माती पांढरट, कोरडी. खालची काळी, ओली, गार. आजूबाजूच्या पडीक रानांत एक माणूस नव्हतं. मधेच मला वाटायचं की आम्ही दोघी नाही, तिघी आहोत, आणि तिसरी आमच्या मधे उकिडवी बसून हात घालून बघतेय.

रानाच्या खालच्या अंगाला एका ठिकाणी नळीतून मातीबरोबर पांढरे बारीक खडे आले. ओबडधोबड, पोकळ, हलके. थोरल्या आईनं ते तळहातावर घेतले.

"हे काय हाय?"

काळ्या रानात खाली चुनखडी असते. पाणी मुरतं, चुना साठतो, त्याचे असे खडे होतात. मी ते शेकडो वेळा बघितलेत. थेंबभर ॲसिड टाकलं की फसफसतात, बाटली माझ्या पिशवीत होती. पण हाडावर टाकलं तरी थोडं फसफसतंच. मी बाटली काढली नाही.

"चुनखडी हाय, थोरल्या आई," मी म्हणाले.

"व्हय का," ती म्हणाली. बोटानं तिनं त्यावरची माती पुसली. मग खडे पदराच्या टोकाला बांधले आणि गाठ कमरेला खोचली. मी ते मागितले नाहीत. त्या खड्ड्याची मातीही पिशवीत भरली नाही. नळी उलटी करून परत आत ढकलली आणि वरून पायानं दाबली. बाईंनी नंतर नकाशावरची ती मोकळी जागा बघून विचारलं तेव्हा खरं काय ते सांगितलं. त्या म्हणाल्या, राहू दे मोकळी.

त्यानंतरच्या हिवाळ्यात थोरली आई गेली. मी तोवर शिक्षण संपवून धाराशिवला आले होते. ज्वारी पोटऱ्यात होती. दुपारी बाजेवर पडली होती, आई तिच्याजवळ बसलेली. आईनं मला नंतर सांगितलं की जायच्या आधी ती सारखं माझं नाव घेत होती. आई म्हणाली, ती धाराशिवला हाय आक्का, आलीच बघा. त्यावर थोरल्या आईनं मान हलवली, नाही अशी, आणि दाराकडं बघून पुन्हा तेच नाव घेतलं. आईनं दाराकडं बघितलं नाही. हे सांगतानाही ती माझ्याकडं बघत नव्हती.

दिवसकार्य झाल्यावर वडील म्हणाले की आता खालच्या रानाचं काहीतरी करायला हवं. मी त्यांना सांगितलं की बी कितीही चिवट असलं तरी ते फक्त तग धरतं. मीठ काढायचं तर पाण्याला वाट द्यावी लागेल. खालच्या कडेनं खोल चर काढायची, ती ओढ्याला जोडायची आणि पावसाच्या पाण्यानं रान धुऊन निघू द्यायचं. त्याला काही वर्षं जातील. वडील ऐकत राहिले. चर कुठनं जाणार, त्यांनी विचारलं. मी हातानं दाखवलं. त्यांनी मान खाली घातली.

उन्हाळ्यात यंत्र आलं. लोखंडी बकेट मातीत घुसायची, काळी ओली माती उचलून बांधावर टाकायची. मी सकाळपासून चरीच्या कडेला उभी होते. वडीलही उभे होते. मी म्हणाले, दादा, ऊन झालंय, तुमी घरी जावा. ते गेले नाहीत. प्रत्येक बकेट रिकामी होताना ते पुढं व्हायचे, मातीकडं बघायचे. यंत्रवाल्याला वाटलं आम्हाला गुप्तधन सापडायची आशा आहे. तो हसला, आम्ही हसलो नाही.

दुपारी यंत्र थांबलं तेव्हा वडील माझ्याशेजारी मातीच्या ढिगावर टेकले.

"खड्डा म्याच घेतला होता," ते म्हणाले. "थोरल्या दादाला जमंना म्हनून म्या घेतला. अन् रान सपाट बी म्याच केलं. उसाच्या नादात. तवा ध्यानातच आलं न्हाय."

मी विचारलं, मग थोरल्या आईला हे कधी सांगितलं का. ते नाही म्हणाले. ती कधी काही बोलली नाही, तेही बोलले नाहीत. तिफण मात्र त्यांनी एक वर्षही दुसऱ्याच्या हाती दिली नव्हती. ते का, हे मला त्या मातीच्या ढिगावर बसल्यावर कळलं. त्यांना जागा आठवते का, असं मी विचारलं. त्यांनी रानाकडं बघून हातानं एक दिशा दाखवली, मग दुसरी, आणि हात खाली घेतला.

चरीत काही सापडलं नाही. संध्याकाळपर्यंत ती ओढ्याला जोडली गेली आणि तळाशी पाणी पाझरायला लागलं.

आता मी धाराशिवलाच असते. थोरल्या आईच्या ज्वारीचा चांगल्या उत्पन्नाच्या वाणाशी संकर केला आहे. पिढ्यामागून पिढ्या लावून बघतोय, तिच्यातली ती दारं संकरात उतरलीत आणि दाणाही भरतोय असं झाड अजून हाती लागायचं आहे. कधी वाटतं लागेल, कधी वाटतं माझ्या हयातीत नाही. खालच्या रानाचा वरचा भाग पहिल्यापेक्षा काळा दिसतो. वडिलांनी तिथं गेल्या साली हरभरा केला, आला बरा. उरलेल्या अर्ध्यात आईनं जुनी ज्वारीच पेरायला लावली. कुणी तिला सांगितलं नव्हतं. चाड्यावर मूठ तिनं स्वतः धरली. गुडघे दुखतात, तरी धरली.

मागच्या महिन्यात मी चरीतल्या पाण्याचा नमुना घ्यायला गेले होते. आई बांधावर उभी होती. पाणी बारीक धारेनं ओढ्यात जात होतं आणि चरीच्या तोंडाशी दगडांवर मिठाची रेघ उमटली होती. मी बाटली भरली, बूच लावलं. आई म्हणाली, झालं असंल तर चल, दिवस कलाय लागलाय. आम्ही दोघी घाईनं घराकडं निघालो, आणि वाटेत एकीनंही मागं वळून बघितलं नाही.